बाण बंद करा, नकाशा उघडा

पोस्टिंग कुठेही असो, संध्याकाळी सात ते दहा या तीन तासांचे काय करायचे, हा प्रश्न फौजी माणसाला नोकरीभर पुरतो. कुठे पत्ते असतात, कुठे पुस्तके असतात, कुठे नुसती बुखारी आणि गप्पा. इथे रायपूरला, भनपुरीच्या मुक्कामात, मी गेम खेळतो.

काही ज्येष्ठ मंडळींच्या भुवया आत्ताच वर गेल्या असतील. चाळिशी उलटलेला अफसर, आणि स्क्रीनवर ठो-ठो करत बसतो? मंडळी, ठो-ठो अजिबात नाही. ते दिवसा पुरेसे होते. मी जे गेम खेळतो त्यांत माणूस चालतो, बघतो, दार उघडतो, चिठ्ठी वाचतो, चढतो, उतरतो आणि हळूहळू एक गोष्ट उलगडते. आज त्यांच्याबद्दल लिहितो आहे, कारण त्यांच्याविषयी माझे एक ठाम मत झाले आहे आणि ते गेमपुरते नाही.

आधी भनपुरीची ओळख. रायपूर शहराच्या उत्तरेला बिलासपूर रस्त्यावर हा औद्योगिक पट्टा आहे. लोखंडाच्या रोलिंग मिल, लाकडाच्या वखारी, पुढे उरला आणि सिलतराच्या चिमण्या. ट्रकांची रांग रात्रीही हटत नाही. सकाळी पुसलेल्या खिडकीवर संध्याकाळी बोटाने नाव लिहिता येते. सह्याद्रीच्या माणसाला इथे सगळ्यात जास्त खुपते ते क्षितिज. चारही बाजूंना सपाट. डोळा टेकवायला एक डोंगर नाही. कुटुंब पुण्याला आहे, कारण लेक अकरावीत आहे आणि अकरावी-बारावीत शाळा बदलायची नसते हे प्रत्येक फौजी घराला ठाऊक आहे. त्यामुळे आम्हा बापलेकीचा शनिवारचा कार्यक्रम ठरलेला. ती पुण्यात गेम चालवते, मी इथे लॅपटॉपवर तिचा स्क्रीन बघतो. कधी उलट. ती चालते, मी नकाशा वाचतो.

आता मूळ मुद्दा. आजच्या बहुतेक मोठ्या गेममध्ये स्क्रीनवर एक बाण असतो, किंवा एखादा चमकता ठिपका. कुठे जायचे ते तो सांगतो. उजवीकडे वळा, चारशे मीटर, इथे चढा, ही वस्तू उचला. जग केवढे मोठे! डोंगर, नद्या, गावे, प्रत्येक पानावर दव. पण खेळणारा यातले काही बघत नाही, तो बाण बघतो. तीस तास खेळून झाल्यावर त्याला विचारा, त्या गावातली विहीर देवळाच्या कुठल्या बाजूला होती? सांगता येणार नाही. तो त्या गावात गेलाच नव्हता, बाणाच्या मागे गेला होता.

म्हणून शोधाच्या गेमला मी एकच कसोटी लावतो. हा गेम मला हरवू देतो का? चित्रे किती सुंदर, गोष्ट किती लांब, किती कोटी खर्च झाला, हे सगळे नंतर.

हा प्रकार नवा नाही. १९९३ मध्ये ‘मिस्ट’ नावाचा गेम आला. एक बेट, त्यावर तुम्ही एकटे, आणि काय करायचे ते कोणीही सांगत नाही. लोक वही-पेन्सिल घेऊन बसायचे आणि बेटाचे नकाशे काढायचे. त्या काळात तो प्रचंड खपला. म्हणजे लोकांना हरवायला आवडत नाही, हे खरे नाही.

आता आपल्या घराजवळचे उदाहरण घेऊ. २०१७ मध्ये ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’ आला. अमेरिकेतल्या नॉटी डॉग कंपनीचा. यातला सगळ्यात मोठा भाग पश्चिम घाटात घडतो. नायिका क्लोई फ्रेझर, अर्धी भारतीय, गणपतीच्या तुटलेल्या दाताच्या शोधात निघते. सोबत नादिन नावाची दक्षिण आफ्रिकी भाडोत्री सैनिक. गणपतीने परशुरामाला दारात अडवले आणि शंकराने दिलेल्या परशूचा मान राखायला घाव दातावर झेलला, ही आपल्या आजीने सांगितलेली गोष्ट या दोघी जीपमधून जाताना एकमेकींना सांगतात. ते ऐकताना मजा येते, हे सांगायलाच हवे.

फौजी म्हणून मला या गेमबद्दल दोन तक्रारी आहेत. पहिली, सुरुवातीलाच एक भारतीय शहर बंडखोरांच्या ताब्यात, रस्त्यात आगी, आणि हे सगळे गोष्टीला मसाला म्हणून. बंडाळी असलेल्या भागात ज्याने नोकरी केली आहे त्याला माहीत असते की तिथला रस्ता बहुतेक वेळा शांत असतो, आणि ती शांतताच जड असते. दुसरी तक्रार दगडाची. गेममध्ये जिथे हात धरायचा त्या कडा फिकट रंगाने उठून दिसतात. रंग दिसला की उडी मारायची. पावसाळ्यात ज्याने सह्याद्रीचा शेवाळलेला कातळ चढला आहे तो हसेल. तिथे प्रत्येक पकड आधी हलवून बघावी लागते, मग वजन टाकायचे. बेलूर-हळेबिडूची खरी होयसळ देवळेही हासन जिल्ह्यात पठारावर आहेत आणि त्यांचे मोठेपण उंचीत नाही, कोरीवकामात आहे. २०२३ मध्ये ती जागतिक वारशाच्या यादीत गेली. गेममध्ये मात्र धबधब्यात उभे असलेले अजस्र महाल दिसतात. ठीक आहे, कल्पना आहे.

पण याच गेममध्ये एक गोष्ट त्यांनी अचूक पकडली आहे. पश्चिम घाटाच्या प्रकरणात क्लोई आधी एका उंच बुरुजावर चढते. वरून सगळा मुलूख बघते आणि हातातल्या कागदी नकाशावर पेनाने खुणा करते. मग खाली उतरून जीप काढायची. कोणत्या ठिकाणी आधी जायचे ते आपण ठरवायचे. हे बघून मी लेकीला म्हटले, “हेच आम्हाला कॅम्पमध्ये शिकवायचे. आधी उंचावर जा, नकाशा जमिनीशी जुळव, मग पाऊल उचल.”

ती म्हणाली, “मग तुम्हाला जीप पण द्यायचे?”

जीप देत नव्हते. खडकवासल्याला प्रबोधिनीत असताना ग्रीनहॉर्न, रोव्हर आणि तोरणा असे तीन कॅम्प असतात. तिसऱ्याचे नाव ज्या किल्ल्यावरून आहे त्याची उंची १४०३ मीटर, आणि पाठीवरच्या पॅकसकट ती दुप्पट वाटते. रात्री हातात प्रिझमॅटिक कंपास, एक नकाशा आणि झोपेत चालणारे चार सोबती. बेअरिंग घ्यायचे, पावले मोजायची, नाला आला की थांबून विचार करायचा : हा नकाशातला पहिला नाला की दुसरा? त्या एका प्रश्नावर पुढचे तीन तास ठरायचे. उत्तर सांगायला कोणी नसायचे. मॅप रीडिंगचा खरा तास वर्गात होत नाही, तो त्या नाल्यात होतो.

माझ्या कसोटीवर पूर्ण उतरलेला गेम म्हणजे २०१६ चा ‘फायरवॉच’. साल १९८९, अमेरिकेतल्या वायोमिंगचे जंगल. हेन्री नावाचा मध्यमवयीन माणूस उन्हाळ्यापुरती वणवा-पहारेकऱ्याची नोकरी घेतो. बायको आजारी आहे, तिची स्मृती चालली आहे, आणि तो पळून आला आहे. उंच मचाणावर एकटा. सोबत फक्त वॉकी-टॉकी, आणि दुसऱ्या टोकाला डेलायला ही त्याची वरिष्ठ. संपूर्ण गेममध्ये ती एकदाही समोर येत नाही. फक्त आवाज.

या गेममध्ये हेन्रीच्या एका हातात कागदी नकाशा आणि दुसऱ्या हातात होकायंत्र असते. बाण नाही. नकाशावर ‘तुम्ही इथे आहात’ असा एक ठिपका दिसतो, पण सेटिंगमध्ये जाऊन तोही बंद करता येतो. लेकीने खेळायला सुरुवात केली तेव्हा मी अट घातली : ठिपका बंद. पहिल्या शनिवारी ती एका ओढ्याकाठी तब्बल वीस मिनिटे गोल फिरली. चिडली. “बाबा, सांग ना कुठे जायचं!” मी म्हटले, “सूर्य कुठे आहे? मचाण दिसतंय का? मग तू कुठे उभी आहेस ते तूच मला सांग.” वॉकी-टॉकीवर माझा आवाज आणि जंगलात ती. तिसऱ्या शनिवारी तिने नकाशा न उघडता तळ्यापर्यंत वाट काढली आणि म्हणाली, “मोठ्या पडलेल्या झाडापाशी डावीकडे, मग उतार.” हे शब्द ऐकून मला जे वाटले ते फक्त फौजी बापालाच कळेल. ती जमीन वाचत होती.

ज्यांनी ‘फायरवॉच’ खेळला त्यांच्यापैकी बऱ्याच जणांचा एक आक्षेप असतो : शेवट फिका आहे. जंगलात काहीतरी भयंकर कारस्थान चालले आहे असे वाटत राहते आणि शेवटी निघते ते एक साधे, माणसाचे दुःख. माझे मत नेमके उलटे आहे. तीच त्या गेमची सचोटी आहे. एकट्या चौकीवर राहिलेल्या कुठल्याही जवानाला विचारा. रात्री दोन वाजता झुडपात जे हलते ते शंभरातून नव्याण्णव वेळा जनावर असते. एकांत माणसाच्या डोक्यात कारस्थाने रचतो. आणि दूरवरचा एक आवाज, मग तो रेडिओवरचा असो की फोनवरचा, माणसाला किती धरून ठेवतो आणि कुठे कमी पडतो, हे त्या गेमइतके नेमके मी क्वचितच कुठे पाहिले आहे. हेन्री घरी परत जाईल की नाही, हा खरा प्रश्न. ज्याची निम्मी नोकरी कुटुंबापासून दूर गेली आहे त्याला हा प्रश्न फिका वाटणार नाही.

मराठी वाचक विचारतील, यात आपले काय? आपले आहे. पुण्यातल्या नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या कंपनीने ‘राजी : ॲन एन्शंट एपिक’ केला. २०१७ मध्ये त्यांनी किकस्टार्टरवर लोकांकडून पैसे उभे करायचा प्रयत्न केला, तो फसला. तरी काम सोडले नाही आणि २०२० मध्ये गेम आणला. त्या वर्षी ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या गेमच्या विभागात त्याला नामांकन होते. राजी ही खेळ करून पोट भरणाऱ्यांतली मुलगी. तिच्या धाकट्या भावाला, गोलूला, राक्षस पळवून नेतात आणि ती त्याला सोडवायला निघते. वाटेत दुर्गा आणि विष्णू आपापसात तिच्याबद्दल बोलत राहतात. राजस्थानी वास्तू, पहाडी शैलीची रंगीत चित्रे, मधे मधे सावल्यांच्या बाहुल्यांचा खेळ. भिंतीवरच्या चित्रापाशी थांबलात तर त्या देवाची कथा ऐकायला मिळते. नंतरच्या आवृत्तीत हिंदी संवादही आले.

खेळणाऱ्यांचे म्हणणे असते की गेम छोटा आहे, चार-पाच तासांत संपतो आणि एका वळणावर अचानक तुटतो. दोन्ही खरे आहे. माझे म्हणणे त्याहून वेगळे. यात कॅमेरा गेम बनवणाऱ्याच्या हातात आहे. राजी जाईल त्या वाटेवर तोच आपल्याला नेतो, मान वळवून मागे बघता येत नाही. देखावे इतके सुरेख की थांबावेसे वाटते, पण हरवायला जागाच नाही. पुण्याच्या मंडळींचे कौतुक करून मी त्यांना एवढेच सांगेन : आता एकदा आम्हाला त्या महालात मोकळे सोडा. दिवा हातात द्या आणि दार लावून घ्या.

आणि एक गेम, ज्याच्याबद्दल माजी सैनिकांनी जरूर ऐकावे. ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’, २०१८. लुकास पोप नावाच्या माणसाने जवळजवळ एकट्याने केलेला. चित्रे काळी-पांढरी, ठिपक्यांची. ईस्ट इंडिया कंपनीचे एक जहाज १८०३ मध्ये बेपत्ता होते आणि १८०७ मध्ये परत येते. जहाजावर एकही जिवंत माणूस नाही. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. हातात एक वही, त्यात जहाजावरच्या साठ माणसांची नावे. प्रत्येकाचे काय झाले ते शोधून नावासमोर लिहायचे. मदतीला एक जादूचे घड्याळ : प्रेतापाशी उघडले की मृत्यूचा तो एक क्षण थिजलेला दिसतो. बाण नाही, ठिपका नाही, इशारा नाही. तीन जणांचे भवितव्य बरोबर लिहिले की मगच गेम कबूल करतो.

आपण काय करतो? चेहरे बघतो. कोणाच्या बोटात अंगठी आहे, कोण कोणाच्या बाजूला उभा राहतो, कोणाच्या झोळीवर कुठला आकडा. त्या यादीत चार भारतीय खलाशी आहेत. नावे अर्धी साहेबी, अर्धी आपली : अब्राहम अकबर, विल्यम वसीम अशी. लेकीने विचारले, “हे कोण?” मी तिला लस्करांबद्दल सांगितले. कंपनीच्या जहाजांवर आपल्या किनाऱ्यावरची, कोकणातलीही माणसे खलाशी म्हणून जात. त्यांतले कितीतरी परत आले नाहीत. मग तिने हट्टाने आधी त्या चौघांना शोधून काढायचे ठरवले. तीन शनिवार लागले.

यात मला गुंतवणारी गोष्ट कोडे ही नव्हती. प्रत्येक युनिटमध्ये नॉमिनल रोल असतो. कागदावर तो नुसती नावांची यादी असतो, पण ज्याने एखाद्या घटनेनंतर रात्री टॉर्चच्या उजेडात तो रोल पुकारला आहे त्याला त्या कागदाचे वजन माहीत असते. हजर, हजर, हजर, आणि मग एका नावानंतर शांतता. त्या शांततेचे उत्तर कोणीतरी शोधायलाच हवे. कुठे पडला, कसा, कोण जवळ होते. घरच्यांना ते सांगावे लागते आणि अंदाजाने सांगून चालत नाही. बंदुकीच्या गेममध्ये शंभर माणसे पडतात आणि पाच सेकंदांत प्रेते जमिनीत विरून जातात. इथे साठांपैकी एकही माणूस ‘अज्ञात’ ठेवून चालत नाही. युद्ध म्हणजे काय हे एखाद्या सोळा वर्षांच्या मुलीला समजावायचे असेल तर मी तिला हा गेम देईन.

आता आक्षेप. पहिला आक्षेप पालकांचा : गेम म्हणजे व्यसन आणि पैशाची नासाडी. इथे दोन वेगळ्या गोष्टींची गल्लत होते. पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन रमी आणि तत्सम प्रकारांनी घरे बुडाली आहेत, बराकीतही त्याची झळ पोचली आहे. संसदेने २०२५ च्या ऑगस्टमध्ये त्यांच्यावर बंदी घालणारा कायदा केला, चांगले केले. पण त्याच कायद्यात ई-स्पोर्ट्स आणि करमणुकीच्या खेळांना उत्तेजन द्यायचेही म्हटले आहे. जुगाराला आणि कथेच्या गेमला एकाच काठीने हाणणे म्हणजे मटक्याच्या आकड्यांसाठी वर्तमानपत्र घेणारा एक जण दिसला म्हणून घरातली सगळी वर्तमानपत्रे बंद करण्यासारखे आहे. कथेचा गेम एकदाच विकत घ्यायचा, आठ-दहा तासांत तो संपतो. आणि मुख्य म्हणजे तो मुलाच्या शेजारी बसून खेळता येतो. तो निम्मा आक्षेप तिथेच मिटतो.

दुसरा आक्षेप माझ्याच मित्रांचा : खरे किल्ले सोडून स्क्रीनवर कसले डोंगर चढता? शंभर टक्के मान्य. पुण्यात असेन तर रविवारी मी स्क्रीनला हातही लावणार नाही. पण बाण आता स्क्रीनवरून डोंगरावरही आला आहे. शनिवार-रविवारी राजगडाच्या वाटेवर बघा. तरुण मुले फोनमधल्या रेषेवरून चालतात, मान खाली. धुके आले, रेंज गेली, बॅटरी संपली की तिथेच उभी. मागच्या वळणावर कुठले झाड होते ते कोणीच पाहिलेले नसते. नवीन लेफ्टनंट मंडळींतही मला हेच दिसते. हुशार आहेत, आमच्यापेक्षा चलाख आहेत, पण जीपीएस काढून घेतला की पहिली दहा मिनिटे हात रिकामा झाल्यासारखे होतात. युक्रेनच्या युद्धात दोन्ही बाजू एकमेकांचे उपग्रह सिग्नल जॅम करताना जगाने पाहिले. उद्याच्या लढाईत सगळ्यात आधी बंद पडणार तो हाच बाण. त्या दिवशी पलटणीला वाट कोण दाखवणार? ज्याला हरवायची सवय आहे तोच.

म्हणून मी याला छंदापुरता प्रश्न मानत नाही. हरवणे, थांबणे, आजूबाजूला बघणे, अंदाज बांधणे, तो तपासणे : हे कौशल्य घराच्या गल्लीत मिळायचे, रानात मिळायचे. आता मुलांना एकटे सोडायला ना गल्ली उरली ना रान. अशा वेळी एखादा चांगला गेम त्या कौशल्याची निदान चव तरी देत असेल तर त्याला हिणवू नये. आणि जो गेम रानाचे चित्र दाखवून रान बघूच देत नाही, त्याचे कौतुकही करू नये.

भनपुरीत बसून याचा एक फायदा झाला. आम्ही दोघांनी सुट्टीचा बेत आखला आहे. या राज्याचे नावच छत्तीसगड. परंपरा सांगते की शिवनाथ नदीच्या उत्तरेला अठरा गढ आणि दक्षिणेला अठरा, उत्तरेचे रतनपूरकडे, दक्षिणेचे रायपूरकडे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल इथे बसला, बिंबाजी भोसले रतनपूरला राहून कारभार पाहत. म्हणजे मराठी माणसाचाही या गढांशी जुना संबंध. पण गढ म्हणजे दर वेळी तटबंदी नव्हे, तो महसुलाचा विभागही होता. त्यामुळे काही ठिकाणी भिंत सापडेल, काही ठिकाणी नुसते तळे आणि काही ठिकाणी फक्त गावाच्या नावात उरलेला गढ. बाण दाखवेल अशी ही यादी नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचे नकाशे, गावातली म्हातारी माणसे आणि दोन पाय. सुरुवात मात्र सोपी ठेवली आहे : महानदीकाठचे सिरपूर, तिथले सातव्या शतकातले विटांचे लक्ष्मण मंदिर. विटांवरचे कोरीवकाम एक तास मुकाट बघायचे आणि मग बोलायचे, असा नियम लेकीनेच केला आहे.

शेवटी गेम बनवणाऱ्या मराठी मुलामुलींना एक सुचवतो. २०२५ च्या जुलैमध्ये मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारशाचा मान मिळाला : अकरा महाराष्ट्रातले आणि तमिळनाडूतला जिंजी. आता यावर गेम निघतील. त्यांत घोडे असतील, तलवारी असतील आणि हजारो शत्रू कापले जातील, हे मी आत्ताच लिहून देतो. तुम्ही तो गेम करू नका. तुम्ही बहिर्जी नाईकांचा गेम करा.

महाराजांचा हा हेरप्रमुख. गेममध्ये एकही तलवार उपसायची नाही. वेष बदलून परक्या शहरात शिरायचे. पहारे किती, कधी बदलतात, पाणी कुठून येते, सावकाराचा वाडा कोणत्या गल्लीत, बाहेर पडायच्या वाटा किती. काहीही लिहून ठेवायचे नाही, कारण झडतीत कागद सापडला तर मान जाईल. सगळे डोक्यात. मग परत येऊन महाराजांपुढे उभे राहायचे आणि ते विचारतील त्याची उत्तरे द्यायची. जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून सांगितले तर पुढच्या मोहिमेत आपली माणसे मरतील. बाण नाही, ठिपका नाही. फक्त डोळे आणि आठवण. असा गेम आला तर पहिली प्रत मी घेईन, आणि माझ्या हाताखालच्या प्रत्येक तरुण अफसराला सक्तीने खेळायला लावीन.

तोवर एक साधे काम घरच्या घरी करण्यासारखे आहे. पोरगा किंवा पोरगी गेम खेळत असेल तर ओरडू नका, शेजारी खुर्ची ओढून बसा. विचारा, “यात बाण बंद करता येतो का?” बऱ्याच गेममध्ये येतो. बंद करायला लावा. मग दहा मिनिटांनी विचारा, “आपण आत्ता कुठे आहोत?”

उत्तर यायला वेळ लागेल. लागू द्या.